घरी बांधलेल्या जायरोसाठी इंजिन आणि रिडक्शन : आधी काय ठरवायचं?

खटपट्या

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथले जुने धागे वाचतोय, आज पहिल्यांदाच स्वतः धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

एक सीटचा जायरो बांधतोय, म्हणजे वर वाऱ्यावर आपोआप फिरणारा रोटर आणि मागून ढकलणारा इंजिनाचा पंखा (प्रोपेलर) असलेलं छोटं उडतं मशीन. कील (खालची लांब आडवी नळी), मास्ट (रोटर धरणारा उभा खांब), चाकं, सीट एवढं उभं राहिलंय, रोटर ७ मीटरचा घेणार आहे. मी स्वतः ८४ किलो, पेट्रोल वगैरे सगळं धरून उडताना साधारण २८० किलो होईल असा अंदाज आहे. आता गाडी इंजिनापाशी अडलीये. माझ्यासमोर तीन पर्याय आहेत. एक वापरलेलं रोटॅक्स ५०३, त्यावर बी टाइप गिअरबॉक्स २.५८ चा, म्हणजे इंजिनाचे २.५८ फेरे झाले की पंख्याचा एक, ह्यालाच रिडक्शन म्हणतात. दुसरं रोटॅक्स ५८२, त्याच्यासोबत सी टाइप, ३.०० चा. आणि तिसरं म्हणजे माझा एक मित्र त्याच्या जायरोवरचं सुबारू ईए८१ (मोटारीचं इंजिन) काढून दुसरं इंजिन बसवतोय, तो म्हणतो इंजिन, पट्ट्याचं रिडक्शन, तीन पात्यांचा ६८ इंची प्रोपेलर, सगळंच घेऊन जा.

माझा साधा हिशोब असा की जितके जास्त एचपी तितकं बरं, म्हणजे सुबारू. पण दुसरा एक ओळखीचा म्हणतो कशाला हे गिअर नि पट्टे, इंजिनाला थेट प्रोपेलर लाव, बिघडायला मधे काही नकोच. ऐकताना तेही पटतं. कीलच्या वर सध्या ६२ इंचापर्यंतचाच पंखा मावतो, इंजिन थोडं वर उचललं तर मोठाही मावेल.

तर प्रश्न असे की एका माणसाला किती एचपी पुरतात, रेशो कसा निवडायचा, आणि गिअर की पट्टा? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

जुना_मास्ट

धागा काढलास ते बरं केलंस. सुरुवात डायरेक्ट ड्राइव्हपासून करतो कारण माझी उमेदवारी त्याच्यावरच झाली.

बेन्सनचा बी-८एम हा जायरो आला १९५७ साली, त्याच्यावर मॅककलॉकचं ४३१८ इंजिन असायचं. चार सिलिंडरचं आडवं टू-स्ट्रोक, मुळात तोफखान्याच्या सरावाला जी बिनमाणसाची टार्गेट विमानं उडवायचे त्यांच्यासाठी बनवलेलं. आता विचार कर, जे विमान गोळी घालून पाडायलाच उडवायचं त्याचं इंजिन किती तास टिकावं म्हणून बनवलं असेल. तरी लोकांनी वर्षानुवर्षं ते उडवलं कारण हलकं होतं आणि ७२ एचपी द्यायचं. पण ते ७२ एचपी मिळायचे ४१०० आरपीएमला (मिनिटाला फेरे), आणि प्रोपेलर थेट क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावर. चार फुटाचा पंखा ४१०० ला फिरवला की पात्याचं टोक सेकंदाला २६० मीटरच्या वर जातं, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या पाऊण पट. त्याहून मोठा पंखा लावला की टोक आणखी पळणार, मग ताकद पुढे ढकलण्यात न जाता नुसत्या किंचाळण्यात जाते. म्हणून चार फुटावर अडकलेलं. त्या आवाजाने माझा उजवा कान अजून शिट्टी वाजवतो, ते असो.

मुद्दा असा की जायरोला वेग नको असतो, ढकल हवी असते. कमी वेगात जास्त ढकल हवी तर थोड्या हवेला जोरात फेकण्यापेक्षा भरपूर हवेला हळू ढकललेलं परवडतं, म्हणजे पंखा मोठा आणि आरपीएम कमी. जागेवर उभं असताना मिळणारी ढकल ढोबळमानाने (एचपी गुणिले व्यास) ह्याच्या दोन-तृतीयांश घाताने वाढते. आता गंमत बघ, ५८२ चे ६५ एचपी आणि ६८ इंची पंखा धर, आणि मॅककलॉकचे ७२ एचपी नि ४८ इंची धर. सात एचपी कमी असून ५८२ वाला सतरा-अठरा टक्के जास्त ढकलतो. हे रिडक्शनचं देणं. म्हणून "जितके एचपी जास्त तितकं बरं" हे वाक्य आधी खोडून टाक. एचपी इंजिनात नसतात रे, पंख्यातून बाहेर पडतात तेवढेच आपले.

डायरेक्ट ड्राइव्ह आजही चालतं, फोक्सवॅगनचं बीटलवालं इंजिन लोक तसं वापरतात, पण विमानात. विमान पळतं, जायरो रांगतो. रोटरचा हवेतला अडथळाच इतका असतो की हळू उडताना ताकद कमी नाही तर जास्त लागते. एकट्या माणसाला ५० एचपी मोठ्या पंख्याने पुरतात, पण तू ८४ किलो आणि मशीन २८० म्हणजे ५०३ वर गरम दिवशी चढताना झाडं मोजत बसशील. ६५ बरे.

तेलकट_हात

जुना_मास्ट यांच्याशी सहमत, फक्त ५०३ ला इतकं हिणवू नका हो, माझं पहिलं प्रेम आहे ते :) हवेवर थंड होणारं, ना रेडिएटर ना पाणी, ना होज. ५८२ म्हणजे ५८१ सीसी, पाण्यावर थंड, रोटरी व्हॉल्व्ह, ६५०० ला ६५ एचपी. ताकद जास्त पण भानगडीही जास्त. त्यात कोल्ड सीझरचं लक्षात ठेव, म्हणजे उंचावरून बराच वेळ आयडलवर (थ्रॉटल न देता, इंजिन नुसतं सुरू ठेवून) उतरत आलास, रेडिएटरमधलं पाणी थंडगार झालं, आणि मग खाली येऊन एकदम पूर्ण थ्रॉटल दिलास की पिस्टन झटक्यात गरम होऊन फुगतो, सिलिंडर मात्र थंड पाण्याने आक्रसलेला, आणि दोघं एकमेकांना धरून बसतात. थर्मोस्टॅट लावून ठेव आणि उतरताना अधूनमधून थोडा थ्रॉटल देत राहा. एक्झॉस्टचं तापमान ६५० अंश सेल्सिअसच्या आत ठेव. दोन्ही टू-स्ट्रोकना कंपनी ३०० तासांनी ओव्हरहॉल सांगते, त्याच्या पुढे ओढू नकोस.

आता गिअरबॉक्स. इथे सगळेजण फक्त रेशो बघतात आणि फसतात. बी आणि सी मधला खरा फरक रेशो नाही, पंख्याचं जडत्व आहे. बी बॉक्स ३००० किलो-सेमी² पर्यंतचा पंखा झेलतो, सी ६००० पर्यंत. सी तीन-साडेतीन किलो जड आहे ते त्याचसाठी. रेशो बी मध्ये २.००, २.२४, २.५८ असे आणि सी मध्ये २.६२ पासून ४.०० पर्यंत. ई म्हणजे ढोबळमानाने सी च, फक्त स्टार्टर गिअरबॉक्समध्येच बसवलेला.

माझं सांगतो. मी एक वापरलेला बी बॉक्स घेतला, विकणारा म्हणाला मस्त आहे, आणि त्यावर मी आवडला म्हणून एक जडशीळ तीन पात्यांचा पंखा चढवला. पंख्यावर जडत्वाचं काही लिहिलेलं नव्हतं आणि मी विचारलंही नाही. आयडलला गिअरबॉक्समधून खडखड यायची, डब्यात खिळे घालून हलवल्यासारखी. मला वाटलं टू-स्ट्रोक आहे, करत असेल, आयडल थोडं वर घेतलं की आवाज जायचा मग मीही विसरायचो. चाळीसेक तासांनी तेल बदलताना ड्रेन प्लगच्या चुंबकावर केसांसारखी किसं लागलेली दिसली, आणि एक चपटा तुकडा नखाएवढा. उघडलं तर बशीसारख्या ज्या स्प्रिंग वॉशर असतात धक्का खायला, त्यातली एक फुटलेली, आणि डॉगच्या (धक्का झेलणाऱ्या दातेरी जोडणीच्या) उतारावर खड्डे. विकणाऱ्याची काही चूक नव्हती, बॉक्स खरंच चांगला होता, मी मारला. राखाडी मळीसारखं बारीक काही चुंबकावर आलं तर चालतं, नखाला खुपेल असं काही आलं की उडणं बंद, एवढा नियम तेव्हापासून पाळतो.

जडत्व घरीच मोजता येतं, त्याला प्रयोगशाळा नको. पंखा आडवा टांगायचा, दोन पात्यांचा असेल तर दोन दोऱ्या, तीनचा असेल तर तीन, सगळ्या मध्यापासून सारख्या अंतरावर आणि सारख्या लांबीच्या. मग पंख्याला हलकासा पीळ देऊन सोडायचं, तो डावीकडे उजवीकडे झुलत राहतो. दहा झोके मोजून दहाने भागायचं. जडत्व = वजन × ९.८१ × (दोरीचं मध्यापासूनचं अंतर)² × (एका झोक्याची वेळ)² ÷ (३९.५ × दोरीची लांबी). सगळं किलो, मीटर, सेकंदात घाल आणि आलेल्या उत्तराला १०,००० ने गुण म्हणजे किलो-सेमी² मिळतील. मित्राचा पंखा घेणार असशील तर आधी हे कर, मग बोलू.

थ्रस्टलाइन

सगळे पंखा मोठा करा पंखा मोठा करा सांगतायत आणि धागाकर्त्याने एक वाक्य असं सहज लिहून टाकलंय, "इंजिन थोडं वर उचललं तर मोठाही मावेल". त्या "थोडं वर" मध्ये माणसं मेलीयेत हो. म्हणून जरा सविस्तर लिहितो, लांबलं तर माफ करा.

६२ चा पंखा ६८ चा केला की त्रिज्या तीन इंचाने वाढली, कीलपासूनची फट तीच ठेवायची तर इंजिन ७.६ सेंमी वर गेलं. म्हणजे ढकलण्याची रेषा (थ्रस्ट लाइन) ७.६ सेंमी वर. इंजिनाबरोबर सीजी (मशीनचा गुरुत्वमध्य) पण वर जातो पण किती? ५० किलोचं इंजिन, २८० किलोचं मशीन, जेमतेम सव्वा-दीड सेंमी. म्हणजे थ्रस्ट लाइन आणि सीजी मधलं अंतर सहा सेंमीने वाढलं. आता समजा पंखा दीडशे किलो ढकलतोय आणि थ्रस्ट लाइन सीजीच्या १० सेंमी वर आहे, तर नाक खाली दाबणारा १५ किलो-मीटरचा पीळ सतत लागू आहे. सरळ उडताना तो जाणवतच नाही, कारण रोटर वरून ओढून धरतो. पण एक खालचा झोत आला किंवा तू घाबरून स्टिक पुढे लोटलीस, रोटरवरचा भार गेला की त्याचं धरून ठेवणंही गेलं, आणि मग तो पीळ एकटाच उरतो. नाक खाली, रोटरमधून हवा जायची थांबली, रोटर मंदावला, पातं खाली येऊन शेपटाला किंवा प्रोपेलरला लागलं. सगळं मिळून दोन-एक सेकंद. पॉवर पुश-ओव्हर म्हणतात ते हेच, आणि त्यातून परत फिरता येत नाही. इंजिन बंद पडलं तर जायरो काही पडत नाही, तो तसाही ऑटोरोटेशनमध्येच असतो, वाऱ्यावर फिरत खाली येतो. म्हणजे इंजिन बंद पडण्यापेक्षा चुकीच्या उंचीवर जोरात चालू असणं जास्त घातक. हे नवीन माणसाला पटत नाही पण आहे तसं.

म्हणून माझ्या मते क्रम असा पाहिजे की आधी सीजीची उंची काढ, कागदावर नाही, टांगून. मशीन दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून टांगायचं, दोन्ही वेळा टांगलेल्या बिंदूतून ओळंबा सोडून फ्रेमवर रेघ मारायची, जिथे रेघा छेदतात तिथे सीजी. इंजिन नसेल तर तेवढ्या वजनाची वाळूची पोती बांध, तू स्वतः सीटवर बस, टाकी अर्धी भर. मग थ्रस्ट लाइन कुठे बसते ते बघ, मग पंख्याचा व्यास, मग रेशो, मग इंजिन. तू नेमका उलट्या टोकाने शिरलायस.

मोठा पंखा हवाच असेल तर इंजिन वर न्यायच्या ऐवजी कील खाली ने. मास्टच्या मागचा भाग ब्रॅकेट घालून खाली उतरवतात, ड्रॉप कील. फक्त मग टेकऑफला नाक वर घेताना शेपूट जमिनीला लवकर लागतं, मागचं छोटं चाक आणि रडरची खालची कड तपासून घे. किंवा सीट वर घे, कारण मशीनमधली सगळ्यात जड वस्तू तूच आहेस. आणि आडवं शेपूट, हॉरिझॉन्टल स्टॅबिलायझर, लांब दांड्यावर आणि पंख्याच्या झोतात. हे नसेल तर पुढचं काहीच करू नकोस.

अजून एक, रिडक्शन फुकट नाही मिळत. पंखा हळू फिरवला की टॉर्क (फिरवणारा पीळ) वाढतो आणि तो उलट बाजूला फ्रेमला गुंडाळतो. मॅककलॉक डायरेक्ट असताना साधारण १२५ न्यूटन-मीटर, ५८२ ला ३.०० लावलंस तर २१० च्या वर. पूर्ण थ्रॉटलला मशीन एका बाजूला कलतं ते ह्याच्यामुळे. रोटर हेड किंचित तिरकं बसवून किंवा शेपूट तिरकं ठेवून लोक ते मारतात, पण आधी माहीत हवं.

जुना_मास्ट

थ्रस्टलाइन यांचा प्रतिसाद छापून गॅरेजच्या भिंतीला लाव. मी व्यास वाढवा म्हणालो पण हे लिहायला विसरलो, चूक माझी.

पट्टेवाला

सुबारूची बाजू कोणी मांडत नाहीये म्हणून लॉगिन केलं. माझ्याकडे ईए८१ आहे, दोन सीटच्या मशीनवर. १७८१ सीसी, कॅमशाफ्ट गिअरवर, टायमिंग बेल्ट नाहीच मुळी, म्हणून तर सगळे ईए८१ शोधतात आणि त्याच्या नंतरचं ईए८२ टाळतात. इंजिन म्हणून काही म्हणजे काही करत नाही, मुकाट चालतं.

पण खटपट्या, तुला मी नको म्हणेन. रिडक्शन, रेडिएटर, पाणी, सगळं धरून नव्वद किलोच्या पुढे-मागे जातं. स्टॉक अवस्थेत त्याचे सत्तर-पंच्याहत्तर एचपी, म्हणजे ५८२ पेक्षा दहाएक जास्त, आणि त्या दहासाठी तू चाळीस किलो उचलणार. एकट्याच्या मशीनला हा सौदा नाही जमत. वर ते चाळीस किलो सगळे मास्टच्या मागे, मग पुढे नाकात शिसं बांधायची वेळ.

पट्ट्याबद्दल मात्र गैरसमज नको. दातेरी पट्टा चांगली गोष्ट आहे, तेल नाही, गळती नाही, थोडा धक्का पण खातो, आणि डोळ्याला दिसतो, गिअरबॉक्ससारखं झाकून मरत नाही. त्याचं दुखणं वेगळं आहे. पट्टा ताणून बसवावा लागतो आणि तो ताण क्रँकच्या टोकाला एका बाजूला ओढत राहतो. मोटारीत त्या टोकाला क्लच असतो, तो फक्त पीळ देतो, बाजूला ओढत नाही, म्हणून तिथलं बेअरिंग त्यासाठी बनवलेलंच नसतं. पुली थेट क्रँकला लटकवलेली दिसली की मी तिथून निघतो. बाहेरच्या बाजूने वेगळी प्लेट, वेगळी बेअरिंग, आणि क्रँकला फक्त पीळ पोचेल अशी जोडणी, असं असेल तरच. माझ्याकडे आधी जे होतं त्यात हे नव्हतं, आणि मागच्या मेन बेअरिंगचा तांब्याचा थर तेलात चमकताना दिसला तेव्हा कळलं.

मित्राचं मशीन बघायला गेलास की इंजिन बंद करून पट्ट्यावर काळी भुकटी साठलीये का बघ, आणि एका कडेचे दात जास्त झिजलेत का. कड झिजली म्हणजे पुल्या सरळ नाहीत.

पीळदार

गिअर चांगला की पट्टा असं भांडण प्रत्येक धाग्यावर होतं आणि खरा गुन्हेगार दोन्हीकडे एकच असतो, पिळाचं कंपन. लोक त्याला टॉर्शनल व्हायब्रेशन म्हणतात आणि पुढे विषय बदलतात.

इंजिन सलग फिरत नाही, ठोके देतं. एका बाजूला क्रँक आणि फ्लायव्हील, दुसऱ्या बाजूला पंखा, मधे गिअर, शाफ्ट, रबर, पट्टा जे काही आहे ती स्प्रिंग. अशा जोडगोळीची स्वतःची एक झुलायची गती असते. इंजिनाचे ठोके त्या गतीला आले की झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का द्यावा तसं होतं, प्रत्येक ठोक्याला पीळ वाढत जातो आणि गिअरचे दात एकदा ह्या बाजूला आपटतात एकदा त्या. तेलकट_हात यांच्या डब्यातले खिळे ते हेच. आयडल वर घेतलं की आवाज जायचा म्हणजे त्या गतीच्या वर निघून जायचे.

एक उदाहरण घे. समजा तुझ्या जोडणीची झुलायची गती सेकंदाला ५० आहे. चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक एका फेऱ्यात दोन ठोके देतं, म्हणजे १५०० आरपीएमला गाठ पडणार, आयडलच्या खाली ढकलून देता येतं. तीन सिलिंडरचं दीड ठोका, गाठ २००० ला. दोन सिलिंडरचं बॉक्सर फोर-स्ट्रोक एकच ठोका, गाठ ३००० ला, म्हणजे नेमकी मधल्या आरपीएममध्ये, जिथून रोज जायचंय. तोच गिअरबॉक्स, तेच रबर, तोच पंखा, आणि एका इंजिनावर वर्षानुवर्षं चालतो तर दुसऱ्यावर दहा तासांत मोडतो. म्हणून "अमक्याने सी बॉक्स स्नोमोबाईलच्या यामाहाला लावला, छान चालतो" हे ऐकून आपल्या मोटारसायकलच्या इंजिनाला तो लावायचा नसतो. दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक पण फेऱ्याला दोन ठोके देतं, चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोकसारखेच, म्हणून तुझ्या ५८२ ला हा त्रास मानाने कमी. तरी आयडल २००० च्या खाली ठेवू नकोस.

आणि गिअरबॉक्सला एचपी कळत नाहीत, टॉर्क कळतो. ५८२ चा टॉर्क ७५ न्यूटन-मीटरच्या आसपास, रोटॅक्सच्याच फोर-स्ट्रोक ९१२ यूएलएस चा १२८. सी बॉक्स ७५ वाल्याच्या घरातला आहे. एचपी जवळपास तेवढेच म्हणून तो ईए८१ ला लावायचा बेत एकाने मागे इथेच मांडला होता, सगळ्यांनी मिळून परावृत्त केलं.

अवांतर: ९१२ चा रेशो २.४३ हा ५१ आणि २१ दातांचा आहे, पूर्णांक मुद्दाम टाळलाय असं मला वाटतं, म्हणजे प्रत्येक ठोका मोठ्या गिअरच्या त्याच त्याच दातावर पडत नाही, त्याची झीज वाटली जाते.

खटपट्या

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं काही मिळेल वाटलं नव्हतं. तीन आठवडे गायब होतो कारण सांगितलेलं करून बघत होतो.

टांगून बघितलं. गॅरेजच्या आढ्याला चेन ब्लॉक लावून, ५० किलो वाळू इंजिनाच्या जागी, मी हेल्मेट घालून सीटवर, बायको ओळंबा धरून आणि माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ते इथे लिहीत नाही. आत्ता ६२ इंचाच्या हिशोबाने थ्रस्ट लाइन सीजीच्या ३ सेंमी वर येते. इंजिन ७.६ ने उचललं असतं तर नऊच्या वर गेली असती, गणित थ्रस्टलाइन सरांनी सांगितलं तसंच निघालं. म्हणून इंजिन आहे तिथेच ठेवून ड्रॉप कील करतोय. शेपूट जमिनीपासून पुरेसं राहतंय, मागचं चाक मात्र बदलावं लागेल.

इंजिन ५८२ घ्यायचं ठरलं, सी बॉक्स ३.०० सकट. हिशोब केला, ६५०० ला पंखा २१६७ ने फिरतो, ६८ इंचाला टोकाचा वेग सेकंदाला १९६ मीटर. ठीक आहे ना? सुबारूला मित्राच्याच शब्दांत "सस्नेह नकार" दिला. पण पंखा त्याच्याकडून आणलाय. तीन दोऱ्यांवर टांगला, वजन ४.२ किलो, दोऱ्या मध्यापासून २५ सेंमी, लांबी २ मीटर, दहा झोके ३३ सेकंदांत. उत्तर आलं ३५५० किलो-सेमी². म्हणजे बी वर चाललाच नसता, ५०३ वाला सौदा केला असता तर तेलकट_हात यांच्या वाटेने गेलो असतो. सी वर आरामात. खूश आहे एकदम.

तेलकट_हात

क्या बात है. टोकाचा वेग उत्तम, आवाजही कमी येईल. पहिल्यांदा चालवशील तेव्हा मशीन मजबूत बांध, आणि पात्यांचा कोन असा ठेव की जागेवर पूर्ण थ्रॉटलला ६२००-६३०० मिळतील, हवेत ते थोडे वाढतात. पहिल्या दहा तासांनंतर चुंबक बघ.

पट्टेवाला

थांब थांब. पंखा मित्राच्या सुबारूवरचा ना? पट्ट्याच्या रिडक्शनवरचा?

पट्टा फिरण्याची दिशा बदलत नाही, इंजिन फिरतं तसाच पंखा फिरतो. गिअरची एक जोडी दिशा उलटवते. तुझा सी बॉक्स पंखा कुठल्या बाजूला फिरवतो आणि ही पाती कुठल्या बाजूची आहेत ते बघितलंस का? हबवर कोन बदलता येतो म्हणून काही डावं पातं उजवं होत नाही, फुगीर बाजू आणि धारदार कड बघ. स्पार्क प्लग काढून क्रँक हाताने फिरव, लगेच कळेल.

खटपट्या

आत्ता गॅरेजमधून येतोय.

उलटा आहे.

पीळदार

हाहाहा. बरं, रडू नकोस. त्याच कंपनीची उलट्या हाताची पाती मिळतात का विचार, हब आणि बोल्ट तेच चालतील बहुतेक. आणि आरशातल्या पात्याचं जडत्व तेवढंच असतं, त्यामुळे ३५५० चा आकडा काही वाया गेला नाही. नवीन आली की एकदा टांगून खात्री कर एवढंच.

खटपट्या

मित्राला फोन केला, पंखा परत घेतोय म्हणाला. पाती मागवतोय. दोऱ्या आढ्याला तशाच ठेवल्यात.